घरच्या घरी वेशभूषेचं हेल्मेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडद्यावरचं, खेळातलं किंवा इतिहासातलं एखादं शिरस्त्राण डोळ्यांत भरतं आणि तसंच्या तसं आपल्या हातांनी घडवावंसं वाटतं. असं वाटणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माझा एक आग्रह जवळपास प्रत्येक उत्तरात डोकावेल: ही डोक्यात घालायची वस्तू आहे. डोकं आत जाणं, बाहेर दिसणं, श्वास घेता येणं आणि मान न अवघडणं या गोष्टी पहिल्या दिवशी ठरवा. रंग आणि ओरखडे नंतरही करता येतात, पण डोक्यात न जाणारं हेल्मेट नंतर मोठं करता येत नाही.

पहिल्यांदाच करतोय. कोणत्या पद्धतीने सुरुवात करू?

ईव्हीए फोमने. व्यायामाच्या किंवा जमिनीवर अंथरायच्या मॅट ज्या फोमच्या असतात, तोच हा फोम. कटरने कापता येतो, उष्णतेने वाकतो, चुकला तर तेवढाच तुकडा बदलता येतो आणि वजन नगण्य असतं. अख्खं डोकं झाकणाऱ्या हेल्मेटचं पृष्ठफळ साधारण पाव चौरस मीटर भरतं. आठ मिलिमीटर जाडीच्या घट्ट फोममध्ये त्याचं वजन पाव किलोच्या आत-बाहेर राहतं. तेच हेल्मेट थ्रीडी प्रिंटरवर तीन मिलिमीटर जाडीच्या भरीव पीएलए प्लास्टिकमध्ये छापलं तर किलोभर होतं. दिवसभर घालायचं असेल तर हा फरक मानेला कळतो.

फोमची मर्यादाही सांगतो. आरशासारखी गुळगुळीत, धातूची चकाकी हवी असेल तर फोम तिथपर्यंत कष्टानेच पोचतो. अशा हेल्मेटसाठी थ्रीडी प्रिंट किंवा रेझिनचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकचा, मार्ग बरा. पण पहिलं काम फोममध्ये केलेल्याला आकार कसा उलगडतो आणि कसा जुळतो हे हाताला कळलेलं असतं. पुढच्या सगळ्या पद्धतींत ते उपयोगी पडतं.

संदर्भासाठी फोटो कसे निवडावेत?

समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, वरून आणि तीन-चतुर्थांश कोनातून. फोटो जितका लांबून झूम करून काढलेला, तितकं त्यातलं प्रमाण विश्वासार्ह. जवळून, रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत नाकाकडचा भाग फुगतो आणि कानाकडचा आक्रसतो. त्यावरून मापं घेतली की हेल्मेटचं थोबाड लांबट होतं आणि कुठे बिघडलं ते शेवटपर्यंत सापडत नाही.

आणखी एक. मूळ वस्तू दोन्ही बाजूंनी सारखीच असेल असं धरून चालू नका. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ वेडरचं हेल्मेट मातीत हातांनी घडवलं होतं आणि त्याचे डावे-उजवे भाग एकमेकांचे आरसे नाहीत. हुबेहूबपणा हवा असेल तर तो वाकडेपणाही उतरवावा लागतो. पहिल्या कामात मात्र अर्धा आकार काढून उलटवून वापरणंच शहाणपणाचं.

माप नेमकं कसं घ्यायचं?

घेर मोजून बहुतेक जण थांबतात. घेराने टोपी बसते, हेल्मेट बसत नाही. चार मापं घ्या: भुवयांच्या वरून डोक्याचा घेर, दोन्ही कानांच्या वर डोक्याची रुंदी, नाकाच्या टोकापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर आणि हनुवटीच्या तळापासून टाळूपर्यंतची उंची. शेवटची तीन मापं मापटेपने नाही, तर दोन पुस्तकं किंवा फळ्या समांतर धरून त्यांच्यातलं अंतर मोजून घ्या. चष्मा असेल तर चष्मा घालून मोजा. केस बांधून आत घालणार असाल तर केस बांधून मोजा.

प्रत्येक बाजूला दीड ते दोन सेंटीमीटर गादीसाठी धरा आणि मग भिंतीची जाडी. गादीशिवाय डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट पहिल्या दहा मिनिटांत त्रास देतं, आणि जास्त सैल असलं की मान वळते आणि हेल्मेट तिथेच राहतं.

आकार लहान-मोठा करताना एक हिशोब लक्षात असू द्या. सगळी मापं पाच टक्क्यांनी वाढवली तर पृष्ठफळ सव्वादहा टक्क्यांनी वाढतं. सामान त्या बेताने घ्या. आणि तुकड्यांचा नमुना कागदावर छापण्याआधी पानाच्या कोपऱ्यात बरोबर दहा सेंटीमीटरची रेघ टाका. छापल्यावर ती पट्टीने मोजा. प्रिंटर ‘पानात बसवा’ म्हणून गुपचूप आकार कमी करतो, आणि हेल्मेट कपाळावर अडकतं तेव्हाच ते लक्षात येतं.

तयार नकाशा न घेता स्वतःचा नमुना कसा काढू?

दोन रस्ते आहेत. संगणकावर त्रिमितीय मॉडेल बनवता येत असेल तर ते पेपाकुरा डिझायनरसारख्या सॉफ्टवेअरने सपाट तुकड्यांत उलगडता येतं. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही त्यासाठी जोडणी मिळते. येत नसेल तर चिकटपट्टीची पद्धत, आणि मला ती जास्त आवडते, कारण हात आणि डोळे एकत्र काम करतात.

डोक्याच्या मापाचा थर्माकोलचा किंवा लाकडी ठोकळा घ्या. गादीची जाडी म्हणून त्यावर फोमच्या पट्ट्या लावा. वरून खाण्याचे पदार्थ झाकायचं पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्या. आता मधोमध, कपाळापासून मानेपर्यंत, एक सरळ रेघ ओढा आणि फक्त एका बाजूवर हेल्मेटचे भाग काढा: घुमट, गाल, कपाळपट्टी, मानेची झालर. प्रत्येक रेघेवर मधूनमधून आडव्या खुणा करा आणि तुकड्यांना नावं द्या. मग रेघांवरून कापून सोलून काढा. एखादा तुकडा टेबलावर सपाट होत नसेल तर जिथे फुगतो तिथे काप द्या. तो काप उघडून पाचरीसारखी फट पडते, आणि तीच फट फोम जोडताना गोलाई देते. आडव्या खुणा कंटाळून सोडल्या की जोडताना एक बाजू अर्धा सेंटीमीटर उरते.

जिवंत माणसाच्या डोक्यावर ही पद्धत करायची असेल तर चेहरा, नाक आणि तोंड कधीही झाकू नका.

फोमला गोलाई कशी येते?

हीट गनने. पण किती तापवायचं हे घड्याळावर नाही, पृष्ठभागावर कळतं. फोम आधी मंद, खडूसारखा दिसतो. हवेचा झोत फिरत गेला की त्यावर हलकी झळाळी चढते आणि बारीक छिद्रं मिटल्यासारखी वाटतात. तो क्षण बरोबर. लगेच गुडघ्यावर, भांड्याच्या तळावर किंवा ठोकळ्यावर दाबून धरा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. फोम थंड होताना ज्या आकारात असतो तोच लक्षात ठेवतो. झळाळीच्या पुढे तापवत राहिलात तर पृष्ठभाग चकचकीत होऊन सुरकुततो, आणि ती सुरकुती पुन्हा सपाट होत नाही.

सगळे तुकडे जोडायच्या आधीच एकदा असे तापवून घ्या. पृष्ठभाग बंद झाला की प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, कमी पितो.

सांधे उघडे दिसतात. काय चुकतं?

बहुतेकदा पातं. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. दर काही कापांनंतर पातं तोडा किंवा धारेच्या दगडावर फिरवा. पातं कागदाला काटकोनात धरायचं की तिरकं, हे आधी ठरवून नमुन्यावर लिहा. दोन सपाट तुकड्यांचा काटकोन करायचा असेल तर दोन्ही कडा पंचेचाळीस अंशांत कापाव्या लागतात.

दुसरं कारण म्हणजे घाईने लावलेला गोंद. काँटॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही कडांना पातळ लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, साधारण पाच ते दहा मिनिटं. ओला असताना जोडला तर सांधा सरकतो. वाळल्यावर जोडला तर स्पर्श झाल्याक्षणी पकडतो, म्हणून दोन्ही टोकं आणि मध्य आधी जुळवा आणि मग उरलेलं चिमटीत दाबत न्या. राहिलेल्या फटी ॲक्रिलिक कॉकने, म्हणजे फटी बुजवायच्या लवचिक पेस्टने, भरा आणि ओल्या बोटाने सारख्या करा. कडक पुट्टी फोमवर नको, वाकताच तडकते.

कागदी मॉडेलवर रेझिन लावून कडक करतात, ते कसं?

१६० ते २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घडी घालून जोडतात, बाहेरून पॉलिएस्टर रेझिनचे पातळ थर देतात, आतून फायबर मॅट (काचतंतूंची चटई) बसवतात आणि मग बाहेरून पुट्टी लावून घासतात. मजबूत होतं, वजनही येतं. रेझिन लावताना कागद ओला होऊन पिळवटतो, म्हणून आधी आतून पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या चिकटवून रुंदी पक्की करा. गालांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा आणि पहिला थर सुकताना पुन्हा तपासा.

रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्केच घालायचा. जास्त घातला की मिश्रण तापतं, तडकतं आणि भांड्यात जास्त असेल तर धूरही सोडतं. थोडं-थोडं कालवा. हा हार्डनर डोळ्यांना अतिशय घातक असतो. बंद गॉगल घातल्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडू नका.

थर्माकोलवर कोरून त्यावर रेझिन लावायचा विचार असेल तर थांबा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. बहुतेक स्प्रे रंगही तेच करतात. इपॉक्सी रेझिन चालतं. किंवा आधी थर्माकोलवर पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या गोंदाने कागदाचे थर देऊन तो पूर्ण झाका.

साधा मास्क पुरतो ना?

धुळीचा मास्क धुळीला पुरतो, वाफेला नाही. रेझिन, काँटॅक्ट ॲडेसिव्ह आणि स्प्रे रंग यांच्या वाफा कापडी किंवा धुळीच्या मास्कमधून सरळ आत जातात. सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला, चेहऱ्याला चहूबाजूंनी बसणारा रेस्पिरेटर लागतो. काम उघड्यावर करा. वास येत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं, आणि रेस्पिरेटर घालूनही वास येऊ लागला तर काडतूस संपलंय किंवा मास्क नीट बसलेला नाही. घासलेल्या फायबरची धूळ त्वचेला खाजवते, म्हणून पूर्ण बाह्या आणि नायट्राइल हातमोजे घाला. बऱ्याच ॲडेसिव्हच्या वाफा पेट घेतात, तेव्हा त्याच टेबलावर हीट गन चालू नको.

घरात लहान मूल असेल तर हे सगळं सुकेपर्यंत त्याच्यापासून दुसऱ्या खोलीत नाही, घराबाहेर ठेवा.

थ्रीडी प्रिंटवरच्या रेषा जातच नाहीत.

जातात, पण एकाच कागदाने नाही. आधी १२० नंबरच्या सँडपेपरने उंचवटे खाली आणा, मग फिलर प्रायमर, मग २२०, पुन्हा प्रायमर, मग ४००, आणि शेवटी ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत. पाणी धूळ बसवतं आणि प्लास्टिक तापू देत नाही. पीएलए साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. मशीनने एकाच जागी दाबून घासलं की तो वितळून कागदाला चिकटतो आणि खड्डा पडतो.

कुठे अजून कमी आहे ते ओळखायची सर्वांत चांगली युक्ती: करड्या प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा द्या आणि ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासा. काळं जिथे उरतं तिथे खड्डा आहे. जिथे प्रायमर जाऊन प्लास्टिक दिसतं तिथे उंचवटा आहे. डोळ्याला गुळगुळीत वाटणाऱ्या पृष्ठभागावर काळ्या नद्या उमटलेल्या दिसतात. खड्ड्यांत पुट्टी भरा आणि पुन्हा तेच. नुसत्या बोटांनी घासू नका, बोटं खड्ड्यात शिरून खड्डा आणखी खोल करतात.

वेळ कुठे द्यावा असं कुणी विचारलं तर मी इथे असं सांगेन. चकचकीत रंग काहीही लपवत नाही.

समोरची काच कशाची करू?

वाकवायची असेल तर पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकची. कमी उष्णतेत, बुडबुडे न येता आकार घेतो. पॉलिकार्बोनेट जास्त टणक असतो, पण हवेतला ओलावा शोषतो आणि आधी न सुकवता तापवला तर आत बुडबुडे येतात. ॲक्रिलिक सुंदर चमकतो, मात्र पडला तर टोकदार तुकडे होतात. डोळ्यांसमोर मी तो लावणार नाही.

बाहेरून चेहरा दिसू नये यासाठी काच फार गडद करावी लागत नाही. हेल्मेट आतून मंद काळं रंगवा. बाहेर उजेड आणि आत अंधार असला की काच आरशासारखी वागते. म्हणूनच रात्रीच्या कार्यक्रमात आतले एलईडी डोळ्यांजवळ लावले तर चेहरा उघडा पडतो आणि तुम्हालाही समोरचं दिसेनासं होतं.

डोळ्यांची फट लहान आहे. काही दिसेल का?

फट किती मोठी यापेक्षा ती डोळ्यापासून किती लांब हे महत्त्वाचं. चार सेंटीमीटर उंचीची फट डोळ्यापासून दोन सेंटीमीटरवर असेल तर वरपासून खालपर्यंत सुमारे ९० अंश दिसतात. तीच फट सहा सेंटीमीटरवर गेली की फक्त ३७ अंश उरतात. म्हणून पुढची गादी पातळ ठेवून डोकं जमेल तितकं पुढे आणा. पायाखालचं तरीही दिसणार नाही. जाळी लावता येईल अशा जागा, म्हणजे तोंडाच्या चिरा किंवा गालावरची छिद्रं, आतून काळ्या जाळीने झाका. त्यातून खालचं थोडं दिसतं आणि हवाही येते. जिन्यावर मात्र कुणाचा तरी हात धराच.

काचेवर वाफ धरते आणि गुदमरायला होतं.

दोन्हींचं कारण एकच: उच्छ्वासाची ओली, कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा आतच फिरते. हनुवटीपाशी आत यायला आणि माथ्याच्या मागे बाहेर जायला वाट ठेवा. गरम हवा वर जाते, तिला तिथेच दार द्या. तीस-चाळीस मिलिमीटरचे पाच व्होल्टचे दोन पंखे, खिशातली पॉवर बँक आणि मानेमागून नेलेली वायर एवढ्यावर काम भागतं. एक पंखा हवा आत घेऊन काचेवर सोडेल, दुसरा बाहेर फेकेल. दोन्ही आत फुंकणारे लावले तर नुसता आवाज होतो. केस पात्यांत अडकू नयेत म्हणून जाळी लावा.

काचेवर भांड्याच्या साबणाचा थेंब पसरून कोरड्या मऊ कापडाने पुसला तर काही वेळ वाफ धरत नाही. पण हवेची वाट नसेल तर साबण फार टिकत नाही. डोकं जड वाटलं, गरगरलं तर त्या क्षणी हेल्मेट काढा, फोटो राहिला तरी चालेल. त्यासाठी ते एका हाताने, मदतीशिवाय निघायला हवं.

मानेची बाजू अरुंद आहे, डोकं जातच नाही.

मग हेल्मेट दोन भागांत करा. कानामागून उभा काप किंवा मागची झालर वेगळी. काप मूळ आकारात आधीच असलेल्या रेघेवर घ्या, म्हणजे दिसत नाही. जोडायला निओडिमियम चुंबकं. बसवण्याआधी प्रत्येक जोडीच्या एकमेकांकडे येणाऱ्या तोंडांवर खूण करा, नाहीतर एक चुंबक उलटं बसतं आणि दोन भाग एकमेकांना ढकलतात. चुंबकं नुसती चिकटवू नका, वरून फोमचा किंवा फायबरचा पातळ थर द्या. ओढण्याचा सगळा जोर गोंदावर येतो. ही चुंबकं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या भिंतींना पकडून जीवघेणी इजा करू शकतात.

रंग सुरकुतला, असं का?

आधीचा थर पूर्ण सुकला नव्हता किंवा दोन रंगांचं जमत नाही. इनॅमलवर लॅकर मारला की लॅकरमधलं द्रावक खालचा थर फुगवतं. डब्यावर दुसरा हात कधी मारायचा ते लिहिलेलं असतं: एकतर ठरावीक वेळेच्या आत, नाहीतर पूर्ण सुकल्यावर. मधल्या काळात मारला तर सुरकुती येते. पंचवीस-तीस सेंटीमीटरवरून, झोत वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत, पातळ थर द्या. दमट हवेत लॅकर पांढरट पडतो, त्या दिवशी घासकाम करा.

फोमवर मात्र आधी लवचिक थर हवा: रबरी स्प्रे किंवा पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे काही थर.

लढाईतून आलेलं दिसायला काय करू?

आधी विचार करा की हे हेल्मेट कुठे आपटलं असेल. कडा, गालाचे उंचवटे, हात लागतो ती जागा. घुमटाच्या खोलगट भागात ओरखडे कशाने आले, याला उत्तर नसेल तर ते तिथे नकोत. पद्धत अशी: खाली चंदेरी थर, तो सुकल्यावर ठरलेल्या जागी मास्किंग द्रव किंवा थोडं पेट्रोलियम जेली, त्यावर मुख्य रंग. सुकल्यावर तेवढं पुसून काढलं की खालचा धातू दिसतो. मग पाणीदार काळा-तपकिरी ॲक्रिलिक रंग खाचांत सोडून वरून पुसा. काळ्या रंगावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासली तर लोखंडाची खरी झाक येते, आणि वरून मंद वॉर्निश दिलं की हाताला लागत नाही. चकचकीत वॉर्निशने ती झाक जाते.

एकाच्या चार प्रती करायच्या आहेत.

मातीत किंवा प्रिंटमध्ये एक अस्सल आकार पूर्ण करा, त्यावर सिलिकॉनचा साचा आणि सिलिकॉनला धरून ठेवायला बाहेरून प्लास्टर किंवा फायबरचं कडक कवच. आत पातळ रेझिन ओतून साचा हळूहळू फिरवत राहिलं की भिंतींना थर बसतो. माती घेताना गंधक नसलेली घ्या. गंधकामुळे प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन सुकतच नाही, चिकट राहतं. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होतं.

गाडी चालवताना किंवा खेळताना वापरता येईल?

नाही. कितीही कडक वाटलं तरी. धक्का शोषणारा आतला थर, ठरावीक चाचण्या आणि टिकणारा पट्टा यांतलं काहीच यात नसतं, शिवाय नजरेचा आवाकाही कमी होतो.

चित्रपटातल्या हेल्मेटची नक्कल करणं कायद्याने चालतं?

स्वतःपुरतं करणं आणि विकणं यांत मोठा फरक आहे, आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. ‘स्टार वॉर्स’च्या सैनिकांच्या हेल्मेटवरून चित्रपटाची कंपनी लुकासफिल्म आणि ती हेल्मेटं बनवणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांच्यात खटला झाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठरवलं की तिथल्या कायद्यानुसार ते हेल्मेट ‘शिल्प’ नव्हे, त्यामुळे त्याला शिल्प म्हणून कॉपीराइट मिळत नाही. त्याच निकालात अमेरिकेच्या कॉपीराइटच्या भंगाचा दावा ब्रिटनच्या न्यायालयात चालू शकतो, असंही म्हटलं आहे. म्हणजे एका देशात मोकळीक मिळाली तरी दुसरीकडे ती असेलच असं नाही. विकायचा विचार असेल तर वकिलाला विचारा. दुसऱ्या कुणी बनवलेल्या हेल्मेटवरून साचा काढून प्रती करू नका. कायदा बाजूला ठेवला तरी तो त्या माणसाच्या घासकामावर डल्ला आहे.

तयार झाल्यावर कसं ठेवायचं?

डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर, कडांवर टेकवून नाही. फोम कडांवर ठेवला तर काही आठवड्यांत गाल आत वळतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पीएलएचं हेल्मेट ठेवू नका, आतलं तापमान त्याला मऊ करण्याइतकं चढू शकतं. गाद्या वेल्क्रोने लावा म्हणजे काढून धुता येतात, आणि घालून झाल्यावर आतली बाजू वर करून वाळू द्या. रंगाची एक छोटी बाटली आणि गोंदाची नळी सोबतच्या डब्यात ठेवा. पहिल्या गर्दीतच कुठेतरी खरचटणार, तेव्हा ती हाताशी असू दे.